नवलच्या शर्टाला शेठचा वास

रिखबचंद शेठ सिगारेट ओढायचा ती गाडीच्या काचा बंद करून.

गाडीत सिगारेट पेटवली की माणूस आधी काच खाली करतो. अक्कल असलेलाही करतो, नसलेलाही करतो. शेठचं उलटं. तो आधी चारही काचा वर आहेत ना ते बघायचा, एसीची हवा आतल्या आत फिरेल असं बटण लावायला सांगायचा, मागच्या सीटवर खाली घसरून बसायचा आणि मग पेटवायचा. कारण धूर बाहेर गेला असता तर लोकांना दिसला असता. आणि रिखबचंद शेठ निर्व्यसन समितीचा अध्यक्ष होता. जळगावच्या चौकाचौकात त्याचा हात जोडलेला फोटो लागलेला असायचा, खाली मोठ्या अक्षरात ‘व्यसन म्हणजे जिवंतपणी मरण’. त्या फोटोखालून गाडी जायची तेव्हा शेठ आत खोकत असायचा.

घरात ओढता येत नव्हतं, आई होती. डाळ मिलमध्ये ओढता येत नव्हतं, हमाल होते. राहिली गाडी. शेठला गाडी चालवता येत नव्हती, शिकायची कधी गरजच पडली नाही, त्यामुळे गाडी म्हणजे नवल आलाच.

नवल असोद्याचा. रोज मोटारसायकलवर जळगावला यायचा, मिलमध्ये मोटारसायकल लावायचा आणि दिवसभर त्या धुराच्या डब्यात बसायचा. स्वतः त्यानं आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता. बाप चिंधा बिड्या ओढून ओढून सिव्हिलच्या खाटेवर गेला होता, ते खोकणं नवलच्या कानात बसलं होतं. शेठला हे माहीत होतं आणि त्याला ते फार सोयीचं होतं. न ओढणाऱ्या माणसासमोर ओढायला बरं. तो मागत नाही.

मग नवल हे सहन का करत होता? बससाठी. शेठच्या जैन समाजाच्या शाळेची पिवळी बस होती. तिचा ड्रायव्हर दिवाळीला सुटणार होता. बसचं काम म्हणजे सकाळी पोरं आणायची, दुपारी सोडायची, रविवारी घरी, उन्हाळ्यात सुट्टी. शाळेची अट एकच, ड्रायव्हर निर्व्यसनी पाहिजे. शेठ शाळेचा विश्वस्त. “तुझ्यासारखा निर्व्यसनी माणूस मला जिल्ह्यात दाखव,” असं शेठ म्हणायचा, आणि म्हणता म्हणता राख नवलच्या सीटच्या मागच्या खिशात झटकायचा.

श्रावणात एक दिवस शेठनं मागून विचारलं, “नवल, गाडीत वास येतो का रे?”

“कसला, शेठ?”

“कसला म्हणजे? कसला कसला.”

“येतो.”

“किती?”

“सकाळी दार उघडलं की डोळे झोंबतात.”

“मग आजवर बोलला का नाहीस?”

याला नोकरानं काय उत्तर द्यायचं असतं ते ज्यानं नोकरी केली त्याला माहीत आहे. नवलनं गिअर बदलला.

झालं असं होतं की शेठच्या मुलीसाठी, पलकसाठी, धुळ्याचं स्थळ आलं होतं. प्रेमराजजी, तेलाचे व्यापारी, मुलगा जिनेश. माणूस कडक. फोनवर हुंडा नाही, पत्रिका नाही, एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, “घरात कुणाला काही लागतं का?” शेठ म्हणाला, “अहो, आमच्याकडे कांदासुद्धा लागत नाही.” इथपर्यंत ठीक होतं. पण बढाई मारणाऱ्याला थांबायचं कुठं ते कळत नाही. शेठनं प्रेमराजजींना रविवारच्या निर्व्यसन मेळाव्याला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं आणि वर म्हणाला, “तुमची गाडी काढू नका. मी स्वतः येतो धुळ्याला न्यायला.” प्रेमराजजींकडे दोन गाड्या होत्या. पण नाही. याला पाहुणचार दाखवायचा होता.

“रविवारपर्यंत वास गेला पाहिजे,” शेठ म्हणाला. “गेला तर बस तुझी.”

“आणि नाही गेला तर?”

“नाही गेला तर वास तुझा.”

नवल कामाला लागला. आधी चंदनाचा स्प्रे आणला. चंदन आणि सिगारेट एकत्र झाल्यावर स्मशानात कुणीतरी झुरके मारत उभा आहे असं वाटायला लागलं. मग कुणीतरी सांगितलं खायचा सोडा टाक. त्यानं सीटवर सोडा पसरला, ब्रशनं झाडला, पण तो कापडाच्या शिवणीत बसला, आणि शेठ कुणाच्या तरी मयताला भेटायला गेला तेव्हा त्याच्या काळ्या पँटीवर मागे दोन पांढरी वर्तुळं उठली होती. लोक दुःखात होते तरी बघत होते. मग वाटीत कॉफी पावडर ठेवली. ती पिंप्राळ्याच्या गतिरोधकावर सांडली. मग वॉशिंग सेंटरवर सीटना शाम्पू मारून आणला. ढगाळ दिवस, सीट वाळेनात. आता गाडीत ओल्या गोणपाटाचा वास आणि त्याच्या आत सिगारेट, अशी दोन मजली व्यवस्था झाली.

शुक्रवारी शेठ स्वतः तपासायला आला. मागे बसला, दार ओढून घेतलं, नाक वर करून हुंगलं. “कमी झालाय रे,” म्हणाला. “नाही? बराच कमी झालाय.” चेहऱ्यावर एवढं समाधान पसरलं की हात आपोआप खिशात गेला. नवल आरशात बघत होता. शेठनं काचा वर आहेत ना ते बघितलं, एक काढली आणि पेटवली.

“शेठ!”

“काय?”

“ओढताय.”

शेठनं हातातल्या सिगारेटकडे असं बघितलं जणू ती दुसऱ्याच कुणी त्याच्या बोटात खोचली होती. “टेन्शन आहे रे,” म्हणाला, आणि पूर्ण ओढली. पैसे गेले होते ना.

रात्री घरी नवलनं बायकोला, सुलक्षणाला, हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. “फुकतो थो अन् घासतो तू,” ती म्हणाली. “तुले लाज कशी नाही वाटत?”

“बस पाहिजे ना मले.”

“बस भेटीन तवा भेटीन. आता तं तू त्याची राखदानी झाला.”

आई, भिकुबाई, कोपऱ्यात शेंगा फोडत होती. तिनं उपाय सांगितला. घराला रंग दिला की खोलीत कांदे कापून ठेवतात, रंगाचा सगळा वास कांदा ओढून घेतो. तसं गाडीत ठेव. उपाय जुना होता आणि खरा होता. फक्त गाडी कुणाची आहे हे तिघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. कांदा ही काही लपवायची वस्तू असते असं असोद्यात कुणाला का वाटेल?

शनिवारी शेठनं नवलला गाडी असोद्याला स्वतःच्या घरीच न्यायला सांगितली होती, पहाटे लवकर निघायचं म्हणून. नवलनं दुपारी पाच-सहा कांदे चिरले, ताटल्यांत घातले, सीटवर, सीटखाली, डॅशबोर्डवर मांडले आणि काचा लावून गाडी अंगणात सोडली. नेमकं ऊनही पडलं. रविवारी पहाटे ताटल्या काढल्या, फडकं मारलं, आत बसून हुंगलं. सिगारेट नव्हती. खरंच नव्हती. त्याला एवढा आनंद झाला की जळगावपर्यंत तो गुणगुणत गेला.

शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बाहेर आला, मागचं दार उघडलं आणि तिथंच थिजला.

“हे काय आहे?”

“सिगारेट गेली ना, शेठ?”

“नवल, हे काय आहे?”

“कांदा.”

शेठनं उंबऱ्याकडे वळून बघितलं, आईनं ऐकलं तर नाही. मग दबक्या आवाजात ओरडला, तो एक वेगळाच प्रकार असतो. “अरे चातुर्मास चालू आहे! आमच्या घरात पालेभाजी बंद आहे आणि तू गाडीत कांदा आणला? अरे, सिगारेट परवडली असती! सिगारेटचं मी काहीतरी सांगितलं असतं. रस्त्यावर लोक ओढतात, पार्किंगमध्ये ओढतात, वास येतो. कांद्याचं काय सांगू? कांदा उडत येतो का?”

बघा, सिगारेट परवडली असती. ज्या आईनं उभ्या जन्मात कांदा हातात धरला नाही, सूर्य मावळल्यावर पाणी घेतलं नाही, ती आपला नेम मनापासून पाळत होती, आणि तिच्याबद्दल कुणाला वाकडा शब्द बोलायचा हक्क नाही. पण हा? याचा नेम फक्त दिसण्यापुरता. जे दिसत नाही ते पाप नाही, जे हुंगता येतं ते पाप.

वेळ नव्हता. एरंडोल, पारोळा करत सगळ्या काचा उघड्या टाकून ते धुळ्याला गेले. शेठचे केस उभे राहिले. धुळ्यात शिरताना त्यानं कंगवा फिरवला आणि काचा लावायला सांगितल्या, पाहुण्याला धूळ लागू नये म्हणून.

प्रेमराजजी बारीक, ताठ, कमी बोलणारे. आत बसले, “जय जिनेंद्र” झालं, गाडी सुटली. थोड्या वेळानं त्यांनी रुमाल नाकाशी नेला.

“रिखबभाऊ, गाडीत कांदा आहे का?”

“ड्रायव्हर,” शेठ लगेच म्हणाला. “त्याचा डबा. काय करणार, शेतकरी माणूस. त्याला कांद्याशिवाय घास उतरत नाही.”

“हो,” नवल पुढून म्हणाला. “कांदा खातो मी.” हे बोलायला त्याला काहीच जड गेलं नाही. खरं होतं आणि लाजण्यासारखं नव्हतं.

प्रेमराजजी हसले. “मेहनतीचं अन्न आहे, खाऊ द्या.” शेठचा जीव भांड्यात पडला. पण एसी चालू होता. एसीच्या पोटात जे साठलं होतं ते पाच-सहा कांद्यांना भीक घालणारं नव्हतं. पारोळा मागे पडलं तसं पुढच्या जाळीतून ते हळूहळू बाहेर यायला लागलं, शिळं, आंबट, ओळखीचं.

प्रेमराजजींनी पुन्हा रुमाल काढला. “आणि हा दुसरा?”

“दुसरापण त्याचाच,” शेठ म्हणाला.

नवलनं आरशात बघितलं. शेठ आरशात बघत नव्हता. आणि एकदा खोटं तोंडातून सुटलं की काही माणसांना त्याची चव लागते. शेठ पुढे सरकून बसला. “तुमच्यापासून काय लपवायचं. हा ओढतो. मी किती समजावलं. काढून टाकला असता, पण म्हटलं त्याच्या लेकराबाळांनी काय करायचं? शेवटी मीच पाठ धरली. आज मेळाव्यात महाराजसाहेबांसमोर हा नियम घेणार आहे. सिगारेट कायमची बंद.”

प्रेमराजजींचा चेहरा बदलला. पहिल्यांदाच त्यांनी शेठकडे मायेनं बघितलं. “स्वतःच्या ड्रायव्हरपासून सुरुवात केलीत,” ते म्हणाले. “असं कोण करतं आजकाल?”

एरंडोलला चहाला थांबले. प्रेमराजजी हात धुवायला गेले तसा शेठ नवलला गाडीच्या आड घेऊन गेला.

“शेठ, मी असं नाही बोलणार.”

“अरे, एकच शब्द आहे. ‘सोडली’ म्हणायचं. कुणी फाशी देत नाही.”

“शाळेला निर्व्यसनी ड्रायव्हर पाहिजे. मी ओढत होतो म्हटल्यावर बस कशी देणार मला?”

“वेडा आहेस. कधीच न ओढलेल्याला कोण विचारतं? सोडलेल्याचा सत्कार होतो, फोटो येतो. उद्याच्या उद्या बस तुला देतो, सगळ्यांसमोर देतो. आणि नाही बोललास तर बसही विसर आणि माझी गाडीही विसर.”

“माझा बाप बिडीनं मेला, शेठ.”

“म्हणूनच लोकांना जास्त पटेल,” शेठ म्हणाला.

चहावाला ओरडला, “शेठ, कट की फुल?” आणि शेठ हसतमुखानं त्याच्याकडे वळला.

जळगावचं जैन स्थानक गच्च भरलं होतं. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, समोर पाटावर तोंडाला मुहपत्ती बांधलेले महाराजसाहेब. बाजूला खुर्चीवर पाहुणे आणि एक डॉक्टर, त्याचं व्यसनांवर भाषण होतं. आधी मिलमधला सुकदेव उठला, टेम्पो चालवायचा तो. गुटख्यानं दातांची पार वाट लागलेली. त्यानं हात जोडले, नियम घेतला, गुटखा सोडला, टाळ्या झाल्या, पाणी शिंपडलेला हार गळ्यात पडला. खाली बसताना तो शेजारच्याला हळूच म्हणाला, “बठ्ठं ठीक शे, पण हार वला शे रे भो.” मग शेठनं स्वतः नवलचं नाव पुकारलं.

नवल उभा राहिला. बस समोर दिसत होती, पिवळी, खिडक्यांतून पोरांची डोकी. आणि त्या बसच्या आड खाटेवरचा बाप.

महाराजसाहेबांनी शांतपणे विचारलं, “भाऊ, काय सोडायचं आहे?”

“महाराज,” नवल म्हणाला, “मी कधी ओढलीच नाही. माझ्याकडे नाही ते मी कसं सोडू?”

शेठच्या कपाळावर घाम दिसला. आता फुटतंय सगळं, असं नवललाही वाटलं. आपण खरं बोललो आणि छत कोसळलं नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

तेवढ्यात डॉक्टर हसत उठला. “बघा,” तो सभेला म्हणाला, “हे किती महत्त्वाचं उदाहरण आहे. आम्ही याला डिनायल म्हणतो. नाकारणं. प्रत्येक व्यसनी माणूस आधी हेच म्हणतो, मी घेत नाही.” तो नवलजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि शर्टाशी नाक नेलं. “वास तर येतोय, दादा.”

येणारच होता. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या बंद डब्यात बसणाऱ्या माणसाच्या शर्टाला दुसरा कसला वास येणार? लोक हसले. वाईट हसले नाहीत, समजूतदार हसले, ते जास्त वाईट. “लाजतोय,” बायकांतून कुणीतरी म्हणालं. “शेठ किती करतात त्याच्यासाठी!” दुसरी म्हणाली. शंभर शिकली-सवरलेली माणसं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की वास अंगाला बाहेरूनही लागतो.

“शर्टाला वास गाडीचा आहे!” नवल ओरडला.

“गाडी ओढते का?” कुणीतरी विचारलं, आणि सभा पुन्हा हसली.

एक महाराजसाहेब तेवढे हसले नाहीत. ते नवलकडे जरा वेळ बघत राहिले, मग शेठकडे बघितलं. “नियम दुसऱ्याच्या इच्छेनं देता येत नाही,” ते म्हणाले. “त्यांना बसू द्या.” शेठनं मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

कार्यक्रम संपला. शाळेच्या बसवर सुकदेवला घेणार असल्याचं शेठनं तिथंच जाहीर केलं. समाजापुढे उदाहरण म्हणून. पोरांची बस अशा माणसाच्या हातात गेली ज्यानं गुटखा सोडून जेमतेम दोन तास झाले होते. प्रेमराजजींनी शेठचा हात दोन्ही हातांत धरला. “नोकरासाठी जो एवढा झुरतो त्याच्या घरची मुलगी आणताना मी काय विचार करायचा?” ते म्हणाले. पलकचं ठरलं.

चपलांपाशी शेठ नवलला भेटला. “एक शब्द होता,” दात चावत म्हणाला. “तोंड झिजलं असतं?”

“मी खरं बोललो, शेठ.”

“खरं कुणी मागितलं होतं तुला?”

नवलनं प्रेमराजजींना धुळ्याला सोडलं, गाडी शेठच्या दारात लावली, किल्ली आत दिली, मिलमधून मोटारसायकल घेतली आणि असोद्याला आला. त्याच्या आधी मेळाव्याचा व्हिडिओ आला होता. गावच्या ग्रुपवर फिरत होता, ‘वास तर येतोय, दादा’ इथंच कापलेला. पारावर जीवराम बसला होता, त्यानं मोटारसायकल बघून हाक मारली, “नवलभाऊ, एखादी दे ना आपल्यालेबी!” बाकीचे खिदळले.

भिकुबाई दारातच उभी होती. जवळ आली, त्याच्या शर्टाची बाही धरली आणि हुंगली. बराच वेळ हुंगली. नवऱ्याची अशीच हुंगायची ती.

“माय, मी वढत नाही. शेठ वढतो.”

भिकुबाईनं बाही सोडली. “शेठ काहाले वढीन?” ती म्हणाली. “थो तं जैन माणूस. कांदाबी खात नाही.”

स्थानकातल्या शंभर लोकांचं नवलला एवढं लागलं नव्हतं. इथं त्याची स्वतःची माय, बापाच्या उशाशी बसलेली, तिलासुद्धा आपल्या पोरापेक्षा शेठचं सोवळं खरं वाटत होतं. शेठला काही करावंच लागत नव्हतं. त्याची बाजू असोद्यातली म्हातारी फुकटात सांभाळत होती.

“आत्याबाई,” सुलक्षणा आतून तणतणत आली, “मी बारा वर्षं याच्या बाजूले निजते. तोंडाले वास राहिला असता तं मले नसता आला? तोंड हुंगा ना त्याचं! शर्ट काय हुंगता?”

म्हातारी खाली बसली. थोड्या वेळानं उठली आणि शर्ट मागून घेऊन भिजत टाकला.

सकाळी शेठचा फोन आला. काही झालंच नाही असा आवाज. “नवल, निघालास का? चाळीसगावला जायचंय.”

“नाही येत, शेठ.”

“का? बरं नाही?”

“व्यसनी माणूस गाडीवर ठेवू नका. तुम्ही समितीचे अध्यक्ष, तुमचं नाव खराब होतं.”

“अरे, ते कालचं सोड. चुकलं माझं असं समज. पगार वाढवतो.”

“केळीच्या गाडीवर जातोय आजपासून. भरायला सुरुवात झाली, ठेवतो.”

“थांब, थांब.” शेठ खालच्या आवाजात बोलायला लागला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे घरातच कुठंतरी उभा होता. “नवल, ऐक ना. दुसरा ड्रायव्हर ठेवला तर तो बाहेर बोलेल रे. आणि मला तर चालवता येत नाही. मग मी बसू कुठं?”

“मेळाव्याला बसा, शेठ,” नवल म्हणाला. “पुढच्या मेळाव्याला. महाराजांसमोर.”

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, घरघरणारा. नवलनं फोन ठेवला आणि केळीचे घड वर द्यायला लागला.